फोटो आधी परत द्यायचा असतो

१० ऑक्टोबर १८८५ रोजी अमेरिकेत, फिलाडेल्फियातल्या महिलांच्या मेडिकल कॉलेजमध्ये काढलेला एक फोटो तुम्ही मोबाइलवर कधीतरी पाहिलाच असेल. आपापल्या देशाच्या पोशाखातल्या तीन तरुणी. नेसूच्या साडीत आपली आनंदीबाई जोशी, किमोनोतली जपानची केइ ओकामी आणि दमास्कसची साबात इस्लाम्बूली. ८ मार्चला हा फोटो फिरतो, ३१ मार्चला आनंदीबाईंच्या जयंतीला पुन्हा फिरतो. सोबत बहुतेक वेळा 'तीन देशांतल्या तीन पहिल्या महिला डॉक्टर' अशी ओळ असते. खरं तर फोटो काढला त्या दिवशी तिघींपैकी एकीलाही पदवी मिळालेली नव्हती. आनंदीबाईंना ती मार्च १८८६ मध्ये मिळाली, बाकी दोघींना त्यानंतर काही वर्षांनी.

ही चूक आपण सव्वाशे वर्षांनंतरही दुरुस्त करू शकतो, कारण त्या फोटोखाली कुणीतरी तिघींची नावं आणि गावं लिहून ठेवलीत. स्पेलिंगं कशीतरीच आहेत, पण नावं आहेत. नाव आहे म्हणून कॉलेजची कागदपत्रं धुंडाळता येतात, पदवीची तारीख काढता येते, खोटी ओळ पकडता येते. शिवाय या तिघी कॅमेऱ्यासमोर आपणहून, नटूनथटून बसल्या होत्या. आपला फोटो निघतोय हे त्यांना माहीत होतं.

त्याच काळातला दुसरा फोटोंचा ढीग बघा. १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिश सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड छापले. साडेचारशेहून जास्त फोटो. १८५७ नंतर राज्यकर्त्यांना आपली प्रजा ओळखायची होती, त्यातून हे काम वाढलं. त्यातल्या बहुतेक फोटोंखाली जात किंवा जमात लिहिलेली आहे आणि सोबत ती जमात स्वभावाने कशी, किती भरवशाची, याची शेरेबाजी. माणूस समोर उभा आहे, त्याचे डोळे तुमच्याकडे बघतायत, पण तो कोण हे कुणी विचारलेलं नाही. फुलपाखरू टाचणीने टोचून खाली जातीचं नाव लिहावं, तसा प्रकार. आज हेच फोटो 'दुर्मिळ छायाचित्र' म्हणून आपल्याकडे येतात आणि आपणही 'काय भारी' म्हणून पुढे ढकलतो.

हे दोन नमुने शेजारी ठेवले की एक सोपं उत्तर हाताशी येतं. फोटो पाठवताना नाव द्यावं, गोष्ट द्यावी. नाव दिलं की माणसाचा मान राहतो.

हे उत्तर पुरत नाही. का पुरत नाही, ते सांगण्यासाठी आमच्या भागात यावं लागेल.

माझं गाव सणसर. तालुका इंदापूर, पण बाजार बारामतीचा. शेजारी भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना. नीरा डावा कालवा आल्यापासून हा सगळा भाग उसाचा. दिवाळीच्या आसपास गाळप हंगाम सुरू होतो आणि ऊसतोडीच्या टोळ्या येतात. रानाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. पहाटेच्या थंडीत बाई ऊस तोडते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. या दृश्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. चांगले दिसतात ते. धुकं, धूर, डोक्यावर मोळी.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बातमी यायलाच हवी होती. ती आली नसती तर समितीही झाली नसती. पण बातमीबरोबर फोटोही आले. काही ठिकाणी बायकांचे चेहरे झाकलेले होते, नावं बदललेली होती. काही ठिकाणी चेहराही होता आणि खाली नावही होतं. आता या दुसऱ्या फोटोला आपण पहिलं उत्तर लावून बघू. नाव आहे, गाव आहे, फोटोमागची गोष्ट आहे. सगळं रीतसर. पण ती बाई हंगाम संपवून ज्या गावी परत जाते, तिथल्या प्रत्येक मोबाइलवर तिच्या पोटातल्या ऑपरेशनची गोष्ट तिच्या आधी पोचलेली असते. ती तिथे मुलीचं लग्न ठरवणार असते, मुकादमाकडून पुढच्या वर्षाची उचल घेणार असते.

म्हणजे नाव न देणं हा अपमान असू शकतो आणि नाव देणं हाही छळ असू शकतो. 'नेहमी नाव द्या' हा नियम चालत नाही, 'कधीच देऊ नका' हाही चालत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे. नाव द्यायचं की नाही, कुठली गोष्ट सांगायची, कुठली गिळायची, हे ठरवायचं कुणी?

कायद्याला विचारलं तर तो एक उत्तर देतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा माणूस. पैसे देऊन काढून घेतला असेल, उदाहरणार्थ लग्नाचा अल्बम, तर सहसा काढून घेणारा त्याचा पहिला मालक. कॅमेऱ्यामागचा माणूस कायद्याला दिसतो, पैसे देणारा दिसतो. कॅमेऱ्यासमोरचा माणूस या हिशेबात कुठेच नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. मोठी गोष्ट होती. पण ऊस तोडणारी बाई आपल्या फोटोसाठी कोर्टाची पायरी चढेल, असं कुणाला वाटत असेल तर त्याने एकदा कोपीवर जाऊन यावं. कायदा पोचत नाही तिथे आपली आपण काही रीत पाळायला लागते. ती रीत काय असावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आमच्या गावात वर्षातल्या एका दिवशी जितके फोटो निघतात, तितके उरलेल्या वर्षात मिळून निघत नसतील. तुकोबांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या होतात, मेंढ्यांचं रिंगण होतं आणि मग पालखी सणसरला मुक्कामी येते. दुसऱ्या दिवशी बेलवाडीला गोल रिंगण. या दोन दिवसांत मोठमोठ्या लेन्सा लावलेले लोक पुण्या-मुंबईहून येतात. त्यांची आवडती माणसं ठरलेली असतात. चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं असलेली, कपाळावर बुक्का, डोक्यावर तुळस घेतलेली आजी. फोटो कृष्णधवल करतात, खाली लिहितात 'श्रद्धा' किंवा 'माउली'. फोटो खरंच सुंदर असतात. ती आजी मात्र हा फोटो कधी बघत नाही. ती परभणीकडची आहे की जालन्याकडची, दिंडीत कितवं वर्ष आहे, सोबत कोण आहे, हे फोटो काढणाऱ्याला माहीत नसतं. त्याने तिला दोन हजार लोकांना दाखवलेलं असतं, फक्त तिला सोडून.

याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी. स्टीव्ह मॅकरी या फोटोग्राफरने १९८४ मध्ये पाकिस्तानात पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत तिचा फोटो काढला. जून १९८५ मध्ये तो 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आला आणि मग पोस्टरांवर, भिंतींवर, पुस्तकांवर सगळीकडे गेला. तिचं नाव शरबत गुला हे जगाला २००२ मध्ये कळलं, तिला शोधून काढलं तेव्हा. तोपर्यंत तिने स्वतःचा तो फोटो पाहिलेलाच नव्हता. सतरा वर्षं तिचा चेहरा अख्खं जग बघत होतं आणि ती एकटी त्यातून वगळलेली होती. मला यातली सर्वांत अन्यायाची गोष्ट ही वाटते. पैसे मिळाले की नाही हा प्रश्न आहेच, परवानगी घेतली की नाही हाही आहे. पण त्याआधीचा साधा प्रश्न असा की, तुझा फोटो तुला दाखवला का?

माझ्या आईला यातलं काही माहीत नाही, पण तिची एक सवय आहे. पालखीच्या मुक्कामाला आमच्या ओसरीवर दरवर्षी कुणी ना कुणी वारकरी असतात. मी एखाद्या आजीचा फोटो काढला की आई आतून ओरडते, "नातवाचा नंबर घे त्यांच्या, अन् पाठवून दे." मग नातवाला फोटो जातो. तासाभराने त्याचा फोन येतो, आजी किती वाळलीय, औषधं घेते का बघा. त्या फोटोचं काम तिथे संपतं. तो पुढे कुणाला पाठवायचा की नाही हा नंतरचा प्रश्न. आईच्या हिशेबात फोटो म्हणजे घेतलेली वस्तू. घेतली की परत द्यायची. डबा घेतला तर परत देतो, तसंच.

मला वाटतं, आपल्याला हवी असलेली रीत हीच आहे. फोटो जगाला दाखवण्याआधी तो ज्याचा आहे त्याला परत द्यायचा. 'परवानगी घेणं' आणि 'परत देणं' यात फरक आहे. परवानगी एका वाक्यात घेता येते. "फोटो काढू का?" "काढा की." समोरच्याला तो कुठे जाणार हे माहीतही नसतं. परत देण्यात मात्र समोरचा माणूस आपला फोटो हातात घेतो, बघतो, त्यात काय दिसतंय ते आपल्याला सांगतो आणि मग ठरवतो. त्याला बघायला वेळ मिळतो. आपल्यालाही ऐकावं लागतं.

जुन्या फोटोंच्या बाबतीत हे कसं चालतं, ते गेल्या दोन वर्षांत जवळून बघायला मिळालं. माझ्या मित्राचे आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा होता. त्या काळात मध्यमवर्गीयाला परवडणारा, एका रोलमध्ये चौकोनी बारा फोटो देणारा. गुरुजी वारले. त्यांची पत्र्याची पेटी माळ्यावर राहिली. त्यात पाकिटांत घातलेल्या निगेटिव्ह होत्या. काहींना बुरशी लागलेली, काही एकमेकींना चिकटलेल्या. सुट्टीला गावी आलो की आम्ही दोघं लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन करून, वर दुधी प्लॅस्टिक ठेवून, त्यावर निगेटिव्ह पसरून मोबाइलने फोटो काढायचो आणि काळ्याचं पांढरं करायचो. गणपतीत मंडपात प्रदर्शन मांडायचं आणि नंतर गावाबाहेरच्यांना मोबाइलवर पाठवायचं, असा बेत होता.

गुरुजींचं अक्षर सुंदर होतं. पाकिटांवर तारखा होत्या. शाळेला भेट द्यायला आलेल्या साहेबांची नावं हुद्द्यासकट होती. एका पाकिटावर लिहिलं होतं, 'दुष्काळी काम, रस्ता, १९७३'. गुरुजी तेव्हा तालुक्याच्या जिरायती भागातल्या शाळेवर होते. १९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीला फक्त 'बहात्तरचा दुष्काळ' या दोन शब्दांत माहीत आहे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास पन्नास लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, बंडिंग, रस्ते, खडी फोडणं. याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा आला. गुरुजींच्या त्या फोटोत दोन पोरी खडीच्या ढिगाशी बसल्यात, हातात हातोडा. एक कॅमेऱ्याकडे बघतेय, दुसरी खाली. पाकिटावर दोघींचीही नावं नाहीत. तेव्हा मजुरीसाठी मस्टरवर त्यांची नावं रोज लिहिली जात असणार. फोटोवर मात्र नाहीत.

प्रदर्शनाआधी आम्ही फोटो घेऊन घरोघरी फिरलो. एका घरी सत्तरीला टेकलेल्या आजी चष्मा लावून एकेक फोटो सरकवत होत्या. या फोटोवर थांबल्या. दोन बोटांनी मोठा करायचा असतो हे त्यांना नातीने शिकवलेलं. मोठा केला, बघितला आणि म्हणाल्या, "आरं, ही मी हाय."

घरात एकदम शांतता. आजींचं माहेर त्याच भागातलं. लग्न होऊन सणसरला आल्या त्या दुष्काळानंतर. त्यांचा मुलगा, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, बाहेरच्या खोलीतून आत आले. फोटो बघितला आणि हळूच आम्हाला म्हणाले, "हा नका लावू. पाव्हणेरावळे बघतात. आमची आई खडी फोडत हुती, हे कशाला दाखवायचं?" अण्णांचंही खोटं नव्हतं. त्यांनी कष्टाने घर वर आणलंय. त्यांच्या दृष्टीने घराची इज्जत त्यांनी सांभाळायची आहे आणि त्यात आईही आली.

आजी म्हणाल्या, "मला कसली लाज? चोरी केली व्हय मी? त्या सडकंवरनं आजून यष्टी पळती."

इथे मला जे दिसलं ते महत्त्वाचं वाटतं. जुन्या फोटोंबद्दल बोलताना आपण 'घरच्यांना विचारा' असं सहज म्हणतो. अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट'मध्ये देशभरातल्या कुटुंबांनी आपले जुने फोटो आणि त्यांच्या गोष्टी दिल्यात, आणि ते फार मोलाचं काम आहे. पण घरचे आणि फोटोतला माणूस हे एकच नसतात. त्यातही फोटोत बाई असेल तर घरच्यांची गोष्ट आणि तिची गोष्ट यात बराच फरक असू शकतो. अण्णांना विचारून आम्ही परत आलो असतो तर तो फोटो पेटीतच राहिला असता आणि आम्हाला वाटलं असतं की आपण रीत पाळली. आजी समोर बसल्या होत्या, म्हणून त्यांचं म्हणणं कळलं.

पण गोष्ट इथे संपली नाही. मी विचारलं, "आजी, ही दुसरी कोण?" त्यांनी लगेच नाव सांगितलं. कुठल्या वाडीची, कुणाची लेक, कुठे दिली, सगळं. मी वहीत लिहायला लागलो तर हात धरला. "तिचं नाव नगं टाकू. ती गेली आता. तिची पोरं काय म्हणत्याल, मला ठावं न्हाय. माझं टाक."

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. दिवसभर आम्ही परवानग्यांचाच विचार करतो. कुणाला काय दिसावं, कुणी काय बदलावं, कुणाची परवानगी दुसऱ्याला देता येते आणि कुणाची नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या त्या आजींनी एका वाक्यात सांगितलं ते असं की, माझी परवानगी माझ्यापुरती. शेजारी बसून खडी फोडली तरी तिच्या वतीने मला 'हो' म्हणता येणार नाही.

प्रदर्शनात तो फोटो लागला. खाली आजींचं नाव, माहेर आणि त्यांनी सांगितलेली दोन वाक्यं. दुसऱ्या मुलीसाठी लिहिलं, 'नाव माहीत आहे, लिहिलेलं नाही.' लोकांनी विचारलं, हे काय? 'अज्ञात' लिहा की सरळ. पण अज्ञात म्हणजे तिला कुणी ओळखतच नव्हतं असं होतं. ते खोटं आहे. तिला ओळखणारी बाई पाच-सहा फुटांवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. अण्णाही आले होते. फोटोसमोर थांबले नाहीत, पण घरी जाताना आईला गाडीवर घेऊन गेले.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनाचे आहेत.

पहिला असा की, अशी प्रत्येकाची वाट बघत बसलं तर खऱ्या गोष्टी कधी बाहेरच येणार नाहीत. १९३६ मध्ये डोरोथिया लँग हिने कॅलिफोर्नियात मटार तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीत एका आईचा फोटो काढला. नावही विचारलं नाही. फोटो छापून आल्यावर त्या छावणीसाठी सरकारने अन्न पाठवलं. विचारत बसली असती तर? हा आक्षेप मला मान्य आहे, पण तो तातडीच्या कामाला लागू आहे. माणसं उपाशी असतील, कुणी कुणाला मारत असेल, तर फोटो आधी. शिवाय काठी उगारणाऱ्याला, खुर्चीवर बसलेल्याला, पैसे खाणाऱ्याला विचारायची गरज नाही. त्याच्याकडे स्वतःची बाजू मांडायला भरपूर साधनं असतात. फोटोतला माणूस जितका दुबळा, तितकी आपली जबाबदारी जास्त, असं माप ठेवलं तर गोंधळ होत नाही. आणि लँगचीच गोष्ट पुढे नेली तर असं दिसतं की, अन्न येईपर्यंत ती बाई मुलाबाळांसह तिथून पुढे गेलेली होती. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचं नाव लोकांना १९७८ मध्ये कळलं आणि तेव्हा तिने सांगितलं की आपला हा फोटो काढलाच गेला नसता तर बरं झालं असतं. तातडी १९३६ मध्ये होती. त्यानंतरच्या बेचाळीस वर्षांत कसली तातडी होती? गुरुजींच्या पेटीतला फोटो पन्नास वर्षं थांबला होता. दोन रविवार आणखी थांबला असता तर काही बिघडत नव्हतं. जुन्या फोटोंना घाई नसते. घाई आपल्याला असते, गणपतीची किंवा लाइकची.

दुसरा आक्षेप मेलेल्यांचा. ज्यांना विचारताच येत नाही त्यांचं काय? सगळे जुने फोटो गाडून टाकायचे? तसं नाही. 'द पीपल ऑफ इंडिया'मधल्या माणसाला आता विचारता येत नाही, पण त्याचा फोटो पाठवताना 'जुन्या काळचा अमुक जातीचा माणूस' असं लिहायचं की 'याचं नाव विचारलं गेलं नाही' असं लिहायचं, हे आपल्या हातात आहे. दुसरी ओळ लिहिली तर गोष्ट बदलते. बघणाऱ्याचं लक्ष फोटो काढणाऱ्याकडेही जातं. आणि नावं जपून काम करता येतं याचा दाखला आपल्याकडेच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांत जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, हजारो बायका. ग्रामीण भारताचं लोकसंग्रहालय असलेल्या 'पारी'वर त्या आज ऐकता येतात, आणि ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव असतं. ओवी कुणाच्याही मालकीची नसते असं म्हणून नावं गाळता आली असती. त्यांनी गाळली नाहीत.

मेलेल्यांबद्दल मला जास्त भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. माझ्या आजीचा एकटीचा पहिला फोटो म्हणजे मतदार ओळखपत्राचा. १९९३ मध्ये टी. एन. शेषन यांनी ही ओळखपत्रं आणली, आणि खेड्यातल्या कित्येक बायकांच्या आयुष्यातला एकटीचा पहिला फोटो त्यातून निघाला. आजी वारल्यावर तोच मोठा करून हार घातला. त्या फोटोत ती कपाळाला आठ्या घालून बघतेय. कारण घरात सगळ्यांना माहीत आहे. फोटो काढणाऱ्याने पदर मागे घ्या म्हणून दरडावलं आणि ती भडकली. २०२१ मध्ये जुन्या फोटोंना हलवणारं 'डीप नॉस्टॅल्जिया' आलं. माझ्या एका भावंडाने आजीचा फोटो त्यात टाकला. आजीने पापण्या मिचकावल्या, मान वळवली आणि मंद हसली. घरातल्या बायका रडल्या. मला ते बघवलं नाही. तंत्र कसं चालतं हे मला माहीत आहे, त्यात जादू काही नाही. दुसऱ्याच माणसाच्या चेहऱ्याची हालचाल तिच्या चेहऱ्यावर चढवलेली असते. पण आजीचा जो एकमेव राग कागदावर उरला होता, तो त्याने पुसून टाकला. तिने त्या साहेबाला हसू दिलं नव्हतं. आम्ही ते तिच्याकडून मागाहून काढून घेतलं.

फोटोमागची गोष्ट जपायची असते ती अशासाठी. मोबाइलने फोटो काढला की फाइलीत तारीख, वेळ, मोबाइलचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश आपोआप लिहिले जातात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की हे सगळं गळून पडतं. पण आठ्या का घातल्या, शेजारची कोण, कुणाचं नाव लिहू नको म्हणाली, हे तर कुठलाच मोबाइल मुळात लिहीत नाही. ते माणसानेच माणसाला विचारायचं असतं आणि एकदा पुढे पसरलेला फोटो मागे घेता येत नाही, म्हणून पाठवण्याआधी विचारायचं असतं.

आम्ही गुरुजींच्या फोटोंची एक एक्सेल शीट केलीय. तारीख, जागा, नावं हे रकाने होतेच. आता तीन वाढवलेत. फोटो परत दिला का, कुणाला दिला, आणि काय लिहू नको म्हणाले. बरेच रकाने रिकामे आहेत आणि रिकाम्या रकान्यांचे फोटो आम्ही अजून कुणाला पाठवलेले नाहीत. खडी फोडणाऱ्या त्या दुसऱ्या मुलीचं गाव आजींनी सांगितलंय. तिची मुलं आता पुण्याला, हडपसरच्या बाजूला असतात म्हणे. फोटोची एक प्रत धुऊन पाकिटात घालून ठेवलीय. मुलं सापडली की आधी ती त्यांच्या हातात देणार. मग विचारणार.